आपल्याच शेतात रोजाने

रविवार, ता. ९ ऑक्टोबर

पोरीच्या बाबांना,

नमस्कार. इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. तुमचा खोकला गेला का? सिमेंटच्या धुळीत तोंडाला फडकं बांधा म्हणून सांगितलं होतं, ते तुम्ही बांधत नसणार हे मला इथे बसून दिसतं. पोरीचा पुढचा दात पडला. तुम्हाला दाखवायचा म्हणून तिने तो काडेपेटीत जपून ठेवलाय आणि रोज उघडून बघते. तुमच्या आईंचा गुडघा कधी दुखतो, कधी नाही. ज्या दिवशी सगळं त्यांच्या मनासारखं होतं त्या दिवशी अजिबात दुखत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही ‘बोल’ म्हणता आणि तुमच्या मागे ते काँक्रीटचं मशीन घरघरत असतं. मी ‘जेवलात का’ विचारते, तुम्ही ‘हो’ म्हणता. मग तुम्ही ‘शेताचं काय केलंस’ विचारता आणि मी पोरीच्या हातात फोन देते. एव्हाना हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गवंडीदादा सुट्टी संपवून परत तुमच्याकडे निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र पाठवते आहे.

पत्रासोबत एक पिशवी आहे, तोंड शिवलेली. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. आधीच उसवली असेल तर निदान आत बघू नका. आत बघून झालं असेल तर माझा नाइलाज आहे, पण वाचा तरी.

त्या संस्थेच्या मदतीचे पैसे दर महिन्याला माझ्या खात्यात येतात, न चुकता. चौकशीला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं की या पैशांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही विचारायला येणार नाही. आईंना हे मुळीच पटलं नव्हतं. जो पैसे देतो आणि काही विचारत नाही तो पुढे कधीतरी दारात उभा राहून भांड्यांसकट सगळं परत मागणार, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या खेपेच्या पैशांना त्यांनी मला हातच लावू दिला नाही. दुसऱ्या महिन्यात परत पैसे आले तेव्हा म्हणाल्या, विसरभोळी माणसं दिसतात, एकदा दिलेलं त्यांच्या लक्षात नाही. तिसऱ्या खेपेला मात्र मला चपला आणायला पाठवलं.

लोकांनी सल्ले देऊन जीव खाल्ला. कुणी शेळी घे म्हणे, कुणी शिलाई मशीन. तुम्ही म्हणालात, छपराचे पत्रे बदल. पत्रे बदललेले नाहीत. बादली अजून तिच्या जागी आहे, आम्ही तिच्या बाजूने वळून जायला शिकलोय. हे एक सांगून टाकलं. दुसरं सांगायचंय, पण पोरगी हाका मारते आहे, उद्या लिहिते.

सोमवार, दुपार

पोरगी हाका मारत नव्हती. काल माझाच हात आखडला.

जूनमध्ये तुम्ही आलात आणि पेरून गेलात. तुमच्या मनात नव्हतं, आईंनी बियाण्याची पिशवी तुमच्या पुढ्यात आणून ठेवली म्हणून पेरलंत. निघायच्या सकाळी पाणी पिऊन पेला खाली ठेवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “उगवलं तर विहिरीवाल्यांना उभ्यावर देऊन टाक. माझ्या हातचं काही येत नाही.” दिवा मालव म्हणून सांगावं तसं सांगितलंत. मी मान डोलावली, तुम्ही ती बघितली नाही आणि गाडी पकडायला निघालात.

उभ्यावर द्यायचं म्हणजे काढणीआधी उभं पीकच विकायचं, दरवर्षीसारखंच. गवतात बुडालेला भुईमूग, विहिरीवाले काका बांधावरून एक नजर टाकणार, देतील ते पैसे आपण घेणार आणि त्यात जे काही निघेल ते त्यांचं. शेजारची जमीन त्यांचीच, पाणी त्यांचं, आम्ही दोघी खुरपायला जातो ती टोळीही त्यांचीच. आपल्या तुकड्याला सगळे रुसकं म्हणतात ते काही उगीच नाही, असं मीही म्हणत आले.

यंदा मी ते दिलेलं नाही.

हेच ते दुसरं. लिहून झालं आणि जीव भांड्यात पडला. तुम्ही रागावला असाल तर राग बाजूला ठेवून पुढचं वाचा, मग काय ते बोला.

उगवण चांगली झाली होती, पण तशी ती दरवर्षीच होते. पुढे तण आलं, तेही सगळ्यांच्याच शेतात एकाच वेळी आलं. विहिरीवाल्यांची टोळी लागली. सकाळी डबा घेऊन टोळीकडे निघाले होते, वाट आपल्याच बांधावरून जाते. गवतात खाली एक पिवळं फूल दिसलं, भुईमुगाचं, यंदाचं पहिलं. मी बसले आणि गवत बाजूला सारलं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही शेतातच वाढलात, पण लिहिल्याशिवाय माझं मलाच धड कळत नाही. फूल गळलं की त्यातून आरी सुटते, ती वाकून मातीत शिरते आणि आत शेंग धरते. आऱ्या सुटायच्या आत खुरपलं तर खुरपलं. त्यानंतर माती हलवली की आऱ्या तुटतात आणि वर नुसता पाला हिरवागार राहतो. विहिरीवाल्यांच्या शेतात एक ओळ राहिली तरी काका ओरडतात ते याचसाठी. आणि त्यांचं शेत उरकून आम्ही आपल्या शेतात येईपर्यंत दरवर्षी आऱ्या सुटून जायच्या. रोज सोडला तर रात्री चूल कशी पेटणार? म्हणून लोकांचं वेळेवर व्हायचं, आपलं नंतर.

त्या दिवशी पाय पुढे निघेनात. खात्यात महिन्याचं धान्य भागेल एवढे पैसे होते. मी मागे फिरले आणि आईंना म्हटलं, आज मी आपल्याच शेतात खुरपते. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “आणि संध्याकाळी?”

संध्याकाळी म्हणजे रोज. जन्मभर संध्याकाळी हातावर पैसे पडायची सवय. आता ते आधीच खात्यात पडलेत हे डोक्याला कळत होतं, पण हाताला कोण सांगणार?

हसू नका, पण पहिल्या दिवशी माझं मनच लागेना. टोळीतल्या बायकांचं हसणं-खिदळणं पलीकडून ऐकू येत होतं. इकडे मी एकटी, कुणी मागे लागलेलं नाही, ओळ सुटली तर ओरडायला कोणी नाही. आपण रिकामटेकडे आहोत असंच वाटत राहिलं. दुपारी घरी आले आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. दुसऱ्या दिवशी तर कहर केला. सकाळी निघाले, पाय नेतील तिकडे गेले, अर्धी ओळ खुरपून झाली आणि बाजूच्या बाईने तंबाखू मागितली तेव्हा ध्यानात आलं की मी विहिरीवाल्यांच्या शेतात आहे. मध्येच उठले तर अर्धा रोजही मिळाला नसता, म्हणून दिवसभर तिथेच खुरपत राहिले. घरी येऊन सांगितलं तेव्हा आईंनी कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बँकेत पाठवलं. पैसे आणले ते फडक्यात बांधून कमरेला खोचले आणि म्हणाल्या, “उद्यापासून तू माझ्याकडे रोजाने.”

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. घासाघीस चालू केली त्यांनी. विहिरीवाल्यांपेक्षा कमी सांगितला भाव, घरचंच काम आहे म्हणे. मीही काही कमी नाही. म्हटलं, त्यांच्याइतकाच द्या, नाहीतर मी चालले त्यांच्याकडे, त्यांना बायका कमीच आहेत. पोरगी दोघींच्या मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. शेवटी विहिरीवाल्यांचा भाव अधिक दुपारचा चहा यावर सौदा ठरला. चहा मीच करायचा, हे नंतर कळलं.

आणि काय सांगू, काम सुरू झालं. आई बांधावर छत्री घेऊन बसायच्या. ‘ओळ सोडलीस’, ‘मुळासकट काढ, नुसती मान मुरगळू नकोस’, ‘बोलायचं नंतर’, अशी तोंडाची टकळी चालू. जन्मभर त्यांनी ऐकलेलं सगळं मला सव्याज परत मिळालं. संध्याकाळी फडकं सोडायच्या, थुंकी लावून नोटा मोजायच्या, माझ्या हातावर ठेवायच्या. मी त्या घरात नेऊन डब्यात टाकायचे आणि त्यातूनच त्यांच्यासाठी साखर आणायचे. तेच पैसे फिरून तिथेच, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पण हाताला रोज मिळाला की दुसऱ्या दिवशी पाय बरोबर आपल्या शेतात जात होते.

एक दिवस पोरीची वेणी घालताना उशीर झाला. तुमच्या आईंनी माझा अर्धा रोज कापला. माझेच पैसे, माझंच शेत, आणि अर्धा रोज कापला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खुरपं मात्र वेळेवर हातात घेतलं.

मग मला ताप आला. तरी मी उठले, कारण फुलं भरात आली होती आणि बांधाकडचा भाग राहिला होता. आईंनी मला धरून परत झोपवलं. संध्याकाळी उशीजवळ पूर्ण रोज ठेवला. मी म्हटलं, काम न करता कसला रोज? तेव्हा त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि बोलल्या. असं त्या कधी बोलत नाहीत, म्हणून त्यांचेच शब्द लिहिते.

“तुझ्या नवऱ्याच्या वेळी कळा सुरू झाल्या, तरी मी ओळ पुरी करूनच घरी आले. ओळ पुरी केली म्हणून अर्धा तरी रोज दिला. माझ्या शेतात असलं चालायचं नाही.”

आजाऱ्याला रोज मिळतो हे आपल्या घरात पहिल्यांदा झालं. मी तोंड भिंतीकडे वळवून रडले, तापाचं निमित्त होतंच. नंतर पोरीकडून कळलं की मी झोपले असताना या बाई तो दुखरा गुडघा घेऊन स्वतः शेतात गेल्या होत्या आणि बसून, सरकत सरकत, बांधाकडचा सगळा भाग खुरपून आल्या. मी विचारलं, तुमच्या रोजाचं काय? म्हणाल्या, मी अर्धाच घेतला, बसून केलं ना.

आऱ्या सुटायच्या आत आपलं शेत स्वच्छ झालं. मी बांधावर उभी राहून बघितलं आणि आपल्या शेताला ओळी आहेत हे मला लग्नानंतर पहिल्यांदा दिसलं.

आठवड्याने विहिरीवाले काका बांधावर आले. बराच वेळ उभे होते. मग उभ्यावर मागितलं, दरवर्षीपेक्षा चांगले पैसे सांगून. आईंनी माझ्याकडे बोट केलं. उद्या टोळीत घेतलं नाही तर? महिन्याचे पैसे किती पुरणार? आणि तुमचे शब्दही कानात होते, देऊन टाक म्हणून. तरी म्हटलं, यंदा द्यायचं नाही काका. ते म्हणाले, बरं, पण पुढच्या आठवड्यात माझ्या कापसाला तरी येशील की नाही? मी विचारलं, भाव काय देणार? आजवर आधी भाव विचारून मी कधी कामाला गेलेले नाही. ते हसले आणि त्यांनी भाव सांगितला, आणि तो नेहमीपेक्षा थोडा बरा होता. गेले मग मी. माणूस वाईट नाही हो, आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. पण शेंग दिसल्याशिवाय सांगायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. आणि त्याचं कारण शेत नव्हतं, तुम्ही होतात.

आता जे लिहायला दोन दिवस लावले ते लिहिते.

लोक म्हणतात तुम्ही चार पैशांसाठी गेलात. मीही तेच सांगते. पण मला माहीत आहे तुम्ही का गेलात. वर्षामागून वर्ष तुम्ही पेरलंत आणि पदरात पाला आला. मामंजी होते तोवर ते बोलून दाखवायचे, मग लोक बोलायला लागले, आणि मग तुम्ही स्वतःच बोलायला लागलात, की याच्या हातालाच यश नाही. मागच्या वर्षी दारात भोपळ्याचं बी लावायचं होतं. खड्डा तुम्ही खणलात, माती तुम्ही भुसभुशीत केलीत आणि बी मात्र पोरीच्या हातात दिलंत आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिलात. तिला वाटलं बाबा लाड करतायत. मी उंबऱ्यातून बघत होते. तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता आहे. नीट वाचा, मोठ्याने वाचलंत तरी चालेल, मशीन घरघरत असेल तर कुणाला ऐकू जाणार नाही.

यंदा पेरलं कोणी? मी नाही, आईंनी नाही. तुम्ही पेरलंत, मनात नसताना, घाईत, गाडी चुकेल म्हणून शेवटची ओळ वाकडी टाकून. त्याच हाताने, त्याच रुसक्या तुकड्यात. आम्ही फक्त वेळेवर खुरपलं. आधीच्या प्रत्येक वर्षीही तुमच्या हातचं धड उगवत होतं, आणि आम्ही दोघी दमून भागून उशिरा जाऊन खुरपं चालवायचो आणि आतल्या आत आऱ्या तोडायचो. आमचाही इलाज नव्हता, पोटाची सोय आधी बघावी लागायची. पण तुमच्या हाताला त्यात कसला दोष? जमीन रुसलेली नव्हती आणि तुमचा हातही वाईट नव्हता. आपल्याला वेळ मिळत नव्हता, तेवढंच. या पैशांनी आम्हाला काही दिवसांचा वेळ दिला, आणि त्या दिवसांत हे सगळं झालं.

परवा ती वाकडी ओळ बघून मी त्यातलं एक झाड उपटलं. ते पिशवीत आहे, मातीसकट. आता उघडा.

मोजू नका, आधी नुसतं बघा. आई ते हातात धरून कितीतरी वेळ बसल्या होत्या. मग त्यांनी एक शेंग फोडली, दाणे पोरीला दिले आणि टरफल पदरात बांधून ठेवलं. त्या दिवशी गुडघ्याचं नाव नाही.

मदतीचे पैसे पुढच्या पेरणीपर्यंत येतील, नंतर बंद होतील, ते आम्हाला ठाऊक आहे. त्याची आता फारशी भीती वाटत नाही. बियाणं घरचं निघेल. खाऊन काही विकायलाही उरेल, आणि पुढच्या वर्षी खुरपणीच्या दिवसांचं धान्य त्यातूनच बाजूला काढून ठेवायचं असं आमचं ठरलंय. पत्र्यांचं तुम्ही आल्यावर बघू.

तिकडचं काम सोडून कायमचे या असं मी लिहिणार नव्हते. तुमचं तुम्ही ठरवा, मी विचारायला येणार नाही. पण रात्री पोरगी झोपली की घर फार मोठं वाटतं, आणि आपलं घर किती लहान आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

आई शेजारी बसून सांगतायत, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: “काढणीला माणूस कमी आहे. रोज सगळ्यांना तोच. उशिरा आलास तर अर्धा कापीन, पोटचा म्हणून सोडणार नाही.”

त्या खरंच कापतात, मी अनुभवलंय. वेळेवर या.

वाट बघणारी,
तुमच्या हातचं राखणारी,
पोरीची आई

ता. क. भोपळ्याचं एक बी वाळवून ठेवलंय. खड्डा पोरगी खणणार आहे, बी ती लावणार नाही.